मुंबईला बिऱ्हाड हलवताना गाडी न्यायची की नाही: निर्णयाचा योग्य क्रम

कोल्हापूर, सांगली, नाशिक, नागपूर, कुठूनही मुंबईला बदली झाली की घरात दोन प्रश्न लगेच निघतात: मुलांची शाळा आणि गाडी. शाळेची चौकशी लोक आधी करतात. गाडीचे मात्र उलटे चालते. सामानाच्या ट्रकमागोमाग गाडी येते, पहिल्याच रात्री वॉचमन गेटवर अडवतो आणि पार्किंगची शोधाशोध तिथून सुरू होते. याच्या उलटही घडते. ‘मुंबईत गाडी कशाला?’ असे चार जणांनी सांगितले म्हणून घाईघाईत, येईल त्या भावाला गाडी विकून टाकतात. मग सहा महिन्यांनी लक्षात येते की दोघांपैकी एकाचे ऑफिस अशा ठिकाणी आहे की स्टेशनवरून दोन वाहने बदलावी लागतात.

दोन्हीकडे क्रम चुकलेला असतो. आधी ऑफिस आणि घर ठरावे, मग पार्किंग कागदावर यावे, मग काही आठवडे गाडीशिवाय काढावेत, मग हिशेब करावा आणि शेवटी निर्णय घ्यावा. पुढचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत. उदाहरण कोल्हापूर ते मुंबई असे घेतले आहे. राज्याबाहेरून येणाऱ्यांना जे वेगळे करावे लागते, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

पूर्वतयारी: निघण्याआधी जमवायच्या गोष्टी

एका फाइलमध्ये गाडीचे सगळे कागद ठेवा: आरसी, विमा पॉलिसी, पीयूसी, सर्व्हिसिंगची बिले, दोन्ही किल्ल्या आणि कर्ज असेल तर बँकेचे ताजे स्टेटमेंट. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली असेल तर तिला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का ते पाहा. नसेल तर गावी असतानाच बसवून घ्या. ती नसल्यामुळे आरटीओतले पत्ताबदल किंवा नावबदलाचे काम अडते, आणि ऐन वेळी प्लेटसाठी तारीख मिळवण्यात आठवडे जातात.

थकलेले ई-चलन आहे का तेही आताच पाहा. गाडी आणायची असो वा विकायची, चलन भरल्याशिवाय पुढचे कागद सरकत नाहीत.

मग एका कागदावर दोन पत्ते लिहा: नव्या ऑफिसचा आणि, घर ठरले असेल तर, घराचा. दोन्हींपुढे जवळचे स्टेशन, ते कोणत्या मार्गावर आहे (पश्चिम, मध्य, हार्बर, ट्रान्स-हार्बर की मेट्रो) आणि पूर्वेला की पश्चिमेला, एवढे लिहा. बाहेरून येणारा माणूस अंतर किलोमीटरमध्ये मोजतो. मुंबईत ते मार्ग बदलण्यात मोजावे लागते. मुलुंडहून अंधेरी नकाशावर फार लांब दिसत नाही, पण एक मध्य मार्गावर आहे आणि दुसरे पश्चिम मार्गावर. घाटकोपरला उतरून मेट्रो पकडायची, हे ज्याला माहीत नाही तो पहिल्या आठवड्यातच ‘गाडीच बरी’ या निष्कर्षाला येतो.

तपासा: घर अजून ठरलेले नसेल तर गाडीबद्दल घरात चर्चा करू नका. घर ठरण्याआधी झालेली चर्चा वाया जाते, वर माणसे आपापल्या मतावर अडून बसतात.

टप्पा १: पहिले तीन महिने गाडी गावीच ठेवा

सर्वांत जास्त लोक इथे चुकतात. सामान जातेच आहे तर गाडीही नेऊ, असे वाटणे साहजिक आहे. पण नव्या शहरात पहिले काही आठवडे तुम्हाला रस्ते माहीत नसतात, लोकलची वेळ अंगवळणी पडलेली नसते आणि प्रत्येक अडचणीवर गाडी हेच उत्तर वाटते. दाराशी गाडी असेल तर ती निघतेच. मग तिच्याशिवाय चालले असते का, हे कधीच कळत नाही.

तीन महिने गाडी उभी राहणार असेल तर तिची सोय नीट लावा.

घरात कोणी चालवणारा असेल, भाऊ म्हणा, वडील म्हणा, तर पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस मिनिटे गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर फिरवायला सांगा. जागेवर इंजिन सुरू करून दहा मिनिटांनी बंद करण्याचा उपयोग नाही. त्यात बॅटरी पुरती चार्ज होत नाही आणि टायर एकाच जागी दबून राहतात. चालवणारा कोणी नसेल तर बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक शू चिकटतात. सपाट जागेवर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. प्लॅस्टिकचे आवरण पावसाळ्यात आत ओल धरते, त्यापेक्षा शेड बरी. आणि उंदीर! परसात किंवा गोठ्याजवळ उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. गाडीत खाण्याचे काही राहू देऊ नका आणि बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून बघायला सांगा.

सावध: गाडी उभी आहे म्हणून विमा चुकवू नका. चोरी आणि आग उभ्या गाडीलाही होते. शिवाय पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पूर्ण जातो. तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल तर हे नुकसान थोडे नाही.

टप्पा २: घर पाहतानाच पार्किंग कागदावर आणा

मुंबईत गाडी ठेवायची की नाही, हे पेट्रोलच्या भावावर ठरत नाही, पार्किंगवर ठरते. म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

ब्रोकर ‘पार्किंग आहे’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ चारपैकी काहीही असू शकतो. घराच्या मालकाला सोसायटीने ठरावीक जागा दिलेली आहे. सोसायटीत जागा आहे पण ती मालकाच्या नावावर नाही. आवारात ‘आधी येईल त्याला’ अशी पद्धत आहे. किंवा इमारतीबाहेर रस्त्यावर गाड्या लागतात आणि अजून कोणी उचलून नेलेल्या नाहीत. या चारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चौथ्या प्रकाराला पार्किंग म्हणू नका. टोइंगची गाडी आली की खाली पळणे हा रोजचा कार्यक्रम होतो.

मालक ‘पार्किंग माझे आहे, बिल्डरकडून घेतले’ म्हणाला तरी तेवढ्यावर थांबू नका. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले की स्टिल्टमधली (इमारतीखाली खांबांमधली) किंवा मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही. इमारत ताब्यात आल्यावर वाटप सोसायटी करते. त्यामुळे जुन्या इमारतीत तुम्हाला बघायचे आहे ते सोसायटीचे वाटपाचे पत्र किंवा मेंटेनन्सच्या बिलातली पार्किंगची ओळ. बिलात पार्किंग शुल्क लागत असेल तर जागा खरी आहे.

यानंतर सेक्रेटरींना भेटा आणि हे सरळ विचारा: भाडेकरूच्या गाडीला स्टिकर मिळतो का? भाडेकरूकडून पार्किंगचे जास्त पैसे घेता का? मालकाने उद्या स्वतःची गाडी आणली तर? अनेक सोसायट्यांत जागा सभासदांनाच पुरत नाहीत, आणि भाडेकरूचा नंबर साहजिकच शेवटी लागतो. हे कळून घेण्यात अपमान नाही. राहायला आल्यावर कळले तर मात्र रोज भांडण.

मग करारात लिहून घ्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घराचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणी होणारच असते, तेव्हा त्याच करारात पार्किंगचा क्रमांक, ते स्टिल्टमध्ये आहे की मोकळ्यावर, आणि भाड्यात धरले आहे की वेगळे, हे तीन मुद्दे घालून घ्या. तोंडी पार्किंग पहिल्या गणेशोत्सवाला, मंडप पडला की, नाहीसे होते.

जागा प्रत्यक्ष पाहा, आणि दुपारी पाहू नका. दुपारी गाड्या ऑफिसला गेलेल्या असतात, सगळीकडे जागाच जागा दिसते. रात्री नऊनंतर जा. तुमच्या जागेपुढे दुसरी गाडी आडवी लागलेली आहे का? लागत असेल तर सकाळी कोणाच्या तरी दाराची बेल वाजवून किल्ली मागावी लागणार. खांब आणि भिंत यांच्यामध्ये जागा असेल तर टेप घेऊन मोजा. गाडीच्या रुंदीत ड्रायव्हरकडचे दार उघडण्यापुरती जागा मिळवा आणि मग बघा बसते का. दार फक्त वीतभर उघडणाऱ्या जागेत रोज अंग चोरून बाहेर पडणे आठवडाभर जमते, वर्षभर नाही.

नव्या टॉवरमध्ये स्टॅक किंवा पझल पार्किंग असते, म्हणजे यंत्राच्या पाळण्यावर गाड्या एकावर एक ठेवतात. तिथे पाळण्याजवळच्या पाटीवर लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. आरसी हातात धरून ती वाचा. हॅचबॅक बसते तिथे एसयूव्ही बसेलच असे नाही, आणि छतावरचे रूफ रेलही उंचीत धरायचे. पाळणा खड्ड्यातला असेल तर पावसाळ्यात त्यात पाणी साचते का, हे सेक्रेटरींना नव्हे, वॉचमनला विचारा. मशीन बंद पडल्यावर किती वेळ लागतो, तेही त्यालाच ठाऊक असते.

तपासा: हा टप्पा संपला तेव्हा हातात पार्किंगचा क्रमांक असलेला करार आहे का? नसेल तर ‘गाडी आणायची’ हा पर्याय इथेच खोडा आणि पुढचे टप्पे फक्त ‘विकायची की गावी ठेवायची’ यासाठी वाचा.

भागागणिक फरक पडतो, म्हणून माझे मत सांगतो. गिरगाव, लालबाग, दादर अशा जुन्या वस्तीत चाळीत किंवा जुन्या इमारतीत राहणार असाल तर गाडी आणू नका. तिथून ट्रेन, बेस्ट आणि टॅक्सी सगळे जवळ आहे, जागा मात्र नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीकडे राहणार असाल तर स्टेशन लांब पडते, सोसायट्या मोठ्या आहेत, तिथे गाडीचा विचार जरूर करा. पवईलाही रेल्वे स्टेशन नाही. खारघर, बेलापूर, पनवेलकडे जागा तुलनेने मोकळी आहे, पण ऑफिस दक्षिण मुंबईत असेल तर गाडी असूनही तुम्ही लोकलनेच जाणार आहात.

टप्पा ३: गाडीशिवाय राहून नोंद ठेवा

आता निदान सहा ते आठ आठवडे, जमले तर पावसाचे दिवस धरून, गाडीशिवाय राहा आणि वही ठेवा. मोबाइलमध्येही चालेल. प्रत्येक फेरीला लिहायचे: कुठे गेलो, घराच्या दारापासून तिथल्या दारापर्यंत किती वेळ लागला, किती खर्च आला, बरोबर कोण होते.

याखेरीज एक रकाना असा ठेवा, जो जवळजवळ कोणी ठेवत नाही: गाडी नाही म्हणून टाळलेली फेरी. आईला डोंबिवलीच्या मावशीकडे जायचे होते, पण दोन बदल आणि जिने नको म्हणून नेले नाही. रविवारी मुलाला पोहायला नेणे बंद पडले. जे केले ते खर्चात दिसते, जे सोडून दिले ते कुठेच दिसत नाही. गाडीची खरी गरज असलीच तर ती याच रकान्यात सापडते. रकाना महिनाभर रिकामा राहिला तर उत्तर जवळपास मिळालेच.

या काळात सगळी साधने एकदा तरी वापरून पाहा. नवे लोक एक लोकल आणि एक ॲपची टॅक्सी एवढ्यावरच थांबतात. गर्दीच्या वेळी एसी लोकल आणि फर्स्ट क्लासचा पास परवडतो का ते पाहा, गाडीच्या खर्चाशी तुलना करायची आहे ती त्याच्याशी. मेट्रो २अ आणि ७ दहिसर ते अंधेरी जातात. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते आणि वांद्रे-कुर्ला संकुलातून जाते. स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाची रांग कुठे लागते ते शेजाऱ्यांना विचारा, नकाशात ती दिसत नाही. आणि लक्षात ठेवा, वांद्रे आणि शीव ओलांडून दक्षिणेला रिक्षा जात नाही, तिथे टॅक्सीच.

घरात म्हातारे माणूस असेल, गुडघ्यांचा त्रास असेल, तर लोक लगेच म्हणतात की गाडी हवीच. थोडे थांबा. दवाखान्याच्या दारात उतरवून गाडी लावायला कोण जाणार? चालवणारे तुम्ही एकटेच असाल तर म्हातारे माणूस फुटपाथवर उभे आणि तुम्ही जागा शोधत फिरताय, असे होते. अशा फेऱ्यांना टॅक्सी जास्त सोयीची, कारण ती दारात सोडते आणि निघून जाते. उलट, रात्रपाळी, लोकल बंद असण्याच्या वेळेत सुटणारे काम, किंवा आठवड्यातून दोन-तीन वेळा लागणारी डायलिसिससारखी ठरलेली उपचारांची फेरी असेल आणि बरोबर दुसरा माणूस असेल, तर गाडीचे पारडे खरोखर जड होते.

टप्पा ४: हिशेब दोन भागांत करा

चूक इथे एकच आणि सगळ्यांची: फक्त पेट्रोल धरणे. गाडीचा खर्च दोन प्रकारचा असतो, उभ्या गाडीचा आणि धावत्या गाडीचा. दोन वेगळ्या रकान्यांत लिहा.

नमुन्यासाठी पाच वर्षांची, आज बाजारात साडेचार लाखांना जाईल अशी पेट्रोल हॅचबॅक घेऊ. आकडे तुमच्या गाडीचे घाला, पद्धत हीच ठेवा.

उभ्या गाडीचा वर्षाचा खर्च: किंमत घटणे ४५,०००, विमा १२,०००, सर्व्हिसिंग आणि टायरची तरतूद १५,०००, पार्किंग महिना २,००० प्रमाणे २४,०००, गाडी पुसणारा महिना ६०० प्रमाणे ७,२००. एकूण १,०३,२००, म्हणजे महिन्याला ८,६००. हे पैसे गाडी गेटबाहेर काढली नाही तरी जातात.

धावत्या गाडीचा: शहरात महिन्याला ४०० किलोमीटर, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला ११ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरले तर सुमारे ३,८००. बाहेर लावलेल्या पार्किंगचे पैसे यात नाहीत.

दोन्ही मिळून महिन्याला १२,४००.

आता समोरची बाजू. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये आहे. दहा किलोमीटरची फेरी साधारण १७२ रुपयांना पडते. महिन्याच्या ४०० किलोमीटरला अशा ४० फेऱ्या, म्हणजे ६,८८०. टॅक्सी किंवा ॲपची एसी गाडी धरली तर आकडा वाढेल, तो तुमच्या वहीतून घ्या. या नमुन्यात नुसत्या उभ्या गाडीच्या पैशांत दहा-दहा किलोमीटरच्या पन्नास रिक्षा फेऱ्या होतात.

गावाकडच्या फेऱ्या वेगळ्या लिहा. कोल्हापूर मुंबईहून साधारण ३८० किलोमीटर. चौघांचे कुटुंब असेल तर गाडीने जाणे पैशाच्या हिशेबातही वाईट नाही. इथे टोल नीट धरा. ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना वार्षिक फास्टॅग पास मिळतो (सुरुवातीला तो ३,००० रुपयांना होता), एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी हे राष्ट्रीय महामार्गावरचे नाके त्यात येतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येत नाही, तिथला टोल वेगळाच. पण याच फेऱ्या एकटा माणूस करत असेल तर रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस गाडीपेक्षा कितीतरी स्वस्त आणि आरामाची.

रोजच्या टोलबद्दल जुना हिशेब काढून टाका. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर, वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन नाके आणि दहिसर, हलक्या वाहनांना टोल नाही. अटल सेतू आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मात्र आहे. उलव्याहून अटल सेतूने शिवडीमार्गे रोज येण्याचा बेत असेल तर तो टोल महिन्याच्या बेरजेत घाला.

सावध: ‘गाडीला सात लाख घातलेत, आता साडेचारला कशी देऊ’ हा विचार हिशेबात आणू नका. ते सात लाख गेले. आज तुमच्याकडे साडेचार लाखांची वस्तू आहे आणि ती पुढच्या वर्षी त्याहून कमी किमतीची होणार आहे, एवढेच धरायचे.

टप्पा ५: निर्णय

वही आणि बेरीज समोर ठेवून घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे.

पार्किंग कागदावर आहे, टाळलेल्या फेऱ्यांचा रकाना भरलेला आहे, आणि महिन्याचा फरक खिशाला झेपतो: गाडी आणा.

पार्किंग आहे, पण फेऱ्या फक्त शनिवार-रविवारच्या आणि गावाच्या: गावी ठेवा आणि मुंबईत लागेल तेव्हा भाड्याने घ्या. स्वतः चालवायची गाडी घेताना पाटी पाहा. अधिकृत भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि त्यावर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका, अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते.

पार्किंग नाही आणि गावी चालवणारे कोणी नाही: विका. उभी गाडी वर्षभरात खराब होते आणि भाव दोन्हीकडून उतरतो.

गाडी मोठी आहे आणि जागा लहान: बदलून लहान घेण्याचा मोह होतो. तो सहा महिने पुढे ढकला. नवी गाडी हा वेगळा निर्णय आहे.

टप्पा ६: निर्णयानंतरचे कागद

आणायची ठरली तर: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर बदलत नाही. एमएच-०९ ची गाडी ठाण्यात एमएच-०९ म्हणूनच चालते, आणि एकदा भरलेला आयुष्यभराचा कर पुन्हा भरावा लागत नाही. मात्र पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. परिवहन पोर्टलवर फॉर्म ३३ भरा. आरसी, चालू विमा, पीयूसी आणि नव्या पत्त्याचा पुरावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी मागा, तिला सर्वांत जास्त वेळ लागतो. गोवा किंवा बेळगावकडून येत असाल तर गणित वेगळे: दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर नवी नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र (फॉर्म २८), आणि इथला कर. हा कर हिशेबाच्या टप्प्यातच धरा, तो इतका असतो की निर्णय फिरू शकतो.

विमा कंपनीलाही पत्ता कळवा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यासाठी देशाचे दोन झोन आहेत. मुंबई आणि पुणे महाग झोनमध्ये आहेत, कोल्हापूर दुसऱ्यात. पुढच्या नूतनीकरणाला इंजिन प्रोटेक्शनचे ॲड-ऑन (जादा संरक्षण) घ्या. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी भरते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला जाऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी ओढले जाते, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत हा खर्च बहुधा मिळत नाही. किल्ली काढा, उतरा, टो करून न्या.

गावी ठेवायची ठरली तर: आरसी तुमच्या नावावर आणि गाडी भावाच्या हातात, अशी स्थिती असते. भावाचे लायसन्स चालू आहे का ते स्वतः पाहा. फास्टॅगशी आणि आरसीशी जोडलेला मोबाइल नंबर तुमचाच ठेवा, म्हणजे चलन लागले की कळेल.

विकायची ठरली तर: हा क्रम मोडू नका. कर्ज असेल तर आधी ते फेडा, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या, आणि आरसीवरची कर्जाची नोंद (बोजा) उतरवा. मग निदान तीन ठिकाणी भाव काढा. गाडी गावाकडे विकणे बऱ्याचदा बरे पडते, कारण तिथे तुमच्या मेकॅनिकला आणि गिऱ्हाईकाला गाडीचा इतिहास ठाऊक असतो. पूर्ण पैसे खात्यात आल्यावरच मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करा, आणि त्यांवर खरेदीदाराचे नाव व तारीख भरलेली असू द्या. कोऱ्या फॉर्मवर सही कधीही नाही. जुन्या गाड्यांच्या डीलरला देत असाल तर तो अधिकृत नोंदणी असलेला आहे का ते विचारा आणि गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद पोर्टलवर फॉर्म २९सी ने करून घ्या.

नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तो. गाडी विकून दोन वर्षे झाली, मधे ती तीन हातांतून गेली, तरी नाव तुमचे असेल तर नोटीस तुमच्या घरी येते. म्हणून विक्रीच्या दिवशी खरेदीदाराचे आधार, सही केलेली पावती (तारखेबरोबर वेळही लिहून) आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो ठेवा, फास्टॅग बंद करा, आणि महिन्याभराने पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालकाचे नाव बदललेले पाहा.

विमा कंपनीकडून नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचे पत्र मागायचे राहू देऊ नका. बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही. पत्र तीन वर्षे चालते, आणि त्या काळात मुंबईत पुन्हा गाडी घेतली तर पहिल्याच हप्त्यात ते वापरता येते.